आज काय चांगलं आलंय?

दुसऱ्या गावी कुणाला फुलं पाठवायची असतील तर फोटो बघून मागवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. त्या गावातला, जमलं तर त्याच पेठेतला फुलवाला गाठावा. किती रुपये खर्च करायचेत ते मोकळेपणानं सांगावं, फुलं कुणाला आणि कशासाठी पाठवतोय ते सांगावं आणि विचारावं, "आज काय चांगलं आलंय?" एवढं झालं की बाकीचं त्याच्यावर सोपवावं.

हे मत बनायला कारण माझी आत्या. ती नाशिकला पंचवटीत राहते, मी मुंबईत आणि तिचा मुलगा न्यू जर्सीत. दादाला आईच्या वाढदिवसाला, संक्रांतीला, कधी उगीचच काहीतरी पाठवावंसं वाटतं. साडी पसंत पडेल की नाही याची धास्ती, गोड तिला वर्ज्य आणि वस्तूंनी घर आधीच भरलेलं. उरतात फुलं. आधी तो एका मोठ्या वेबसाइटवरून मागवायचा. लाल गुलाब, भोवती चकचकीत कागद, वर सॅटिनची फीत, सोबत इंग्रजीत छापलेलं कार्ड. एका जूनमध्ये असे गुलाब आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मान टाकली, बाहेरच्या पाकळ्यांवर तपकिरी डाग. "छान होती हो फुलं," आत्या फोनवर म्हणाली, पण तिच्या आवाजावरून मला काय ते कळलं. मग तिच्याच भाजीवालीकडून मी जवळच्या एका फुलवाल्यांचा नंबर मिळवला. काका, काकू आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी, असे तिघं मिळून ते दुकान चालवतात.

पहिल्या फोनला मीही गुलाबच मागितले. काका म्हणाले, "ताई, आज गुलाब नका घेऊ. दोन-तीन दिवस झाकळलंय, कळी मऊ आलीय. आहेत माझ्याकडे, पण संध्याकाळपर्यंत पाकळ्या उलटतील. त्यापेक्षा निशिगंधाच्या काड्या बघा. खालची दोनच फुलं उमललीत, अजून वरपर्यंत कळ्या आहेत."

दुकानात गुलाब पडून असताना गुलाब घेऊ नका म्हणणारा माणूस मला तिथेच पटला. निशिगंधाची काडी खालून वर उमलत जाते. रोज थोडी फुलं, आणि त्यांचा वास दिवसा बेताचा, अंधार पडू लागला की खोली भरून टाकणारा. आत्यानं आठवडाभर त्या काड्या पुरवल्या. रोज खालची सुकलेली फुलं खुडायची, देठ बोटभर कापायचा, पाणी बदलायचं. तिला रोज करायला एक काम मिळालं, आणि मला वाटतं, आवडलं ते तेच.

फूल हा शेतमाल आहे. त्याला भाजीसारखाच रोज नवा भाव असतो आणि रोज नवी प्रत. पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डाचे बाजारभाव वर्तमानपत्रात येतात, त्यातला फुलांचा रकाना मी आवडीनं वाचते. झेंडू, गुलछडी, कापरी, शेवंती किलोवर, ॲस्टर जुडीवर आणि सुट्टा, गुलाबाची गड्डी, डच गुलाब वीस नगांचा, ग्लॅडिओलस आणि लिलियम दहा काड्यांचे. हा रकाना ओळीनं पाहिला तरी पाऊसपाणी, लग्नाच्या तिथी, सणवार सगळं कळतं. पाऊस लागला की ओला माल येतो, तो टिकत नाही आणि भाव पडतो. दसऱ्याच्या आधी झेंडू चढतो. थंडीत मोगरा इतका तुटपुंजा येतो की त्याच्या दरापुढे बाकीच्यांना कुणी विचारत नाही.

आता कॅटलॉगमधला फोटो घ्या. तो जानेवारीत काढलेला असतो आणि ऑगस्टमध्येही फूल तसंच दिसावं अशी अपेक्षा असते. म्हणून बारमाही मिळणारी, एका उंचीची, एका रंगाची आणि प्रवास सोसणारी फुलंच तिथं दिसतात. डच गुलाब, जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड. या फुलांबद्दल माझ्या मनात अढी मुळीच नाही. तळेगाव दाभाडे आणि मावळातल्या पॉलिहाउसमध्ये वाढणारा गुलाब व्हॅलेंटाइन डेला परदेशी जातो, आणि त्यामागे १४ फेब्रुवारीला कळी नेमकी हवी तेवढी मिटलेली असावी म्हणून डिसेंबर-जानेवारीतच छाटण्यांचं गणित बसवणारे शेतकरी असतात. त्यांच्या कष्टांना तोड नाही. पण कॅटलॉगमुळे आपल्याकडच्या कितीतरी फुलांना भेट म्हणून जायची वाटच उरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोनचाफ्याचंच बघा. वसईच्या वाड्यांमधून तो पहाटे खुडून मुंबईला येतो. पाकळीला बोट जोरात लागलं तरी तिथं डाग पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सगळं फूल तपकिरी होतं. कुठली कंपनी त्याचा फोटो लावून "उद्या पोहोचेल" अशी हमी देईल? मोगऱ्याचीही तीच गत. जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा उजाडायच्या आत कळीत असतानाच तोडतात, तो दादरला येतो, आणि संध्याकाळी उमलला की त्याचं काम झालं. बकुळ तर वेचायलाच लागते. या फुलांची भेट एकाच रीतीनं देता येते: ज्या गावात ती सकाळी आली त्याच गावात, त्याच दिवशी, पायी किंवा सायकलवर जाणाऱ्या माणसाच्या हातून. त्यासाठी तिथला फुलवालाच लागतो, दुसरा उपाय नाही.

गंमत अशी की लांबवर फुलं पाठवायची जी पद्धत जगभर रुळली, तिचा उगम याच अडचणीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात फुलं रेल्वेनं पाठवत आणि ती पोहोचेपर्यंत कोमेजून जात. बर्लिनच्या माक्स ह्यूबनर नावाच्या फूलविक्रेत्यानं १९०८ मध्ये वेगवेगळ्या गावांतल्या दुकानदारांना एकत्र आणलं. प्रवास ऑर्डरनं करायचा, फुलं मात्र तिथलीच घ्यायची. पुढे त्याची फ्लोरॉप ही संस्था झाली. १९१० मध्ये अमेरिकेतल्या काही फूलविक्रेत्यांनी तारेनं ऑर्डरी देण्याघेण्याचा तसाच करार केला. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. एका गावच्या दुकानदारानं दुसऱ्या गावच्या दुकानदारावर भरवसा टाकायचा. तुझ्या बाजारात जे आहे ते तुला जास्त कळतं, हे मान्य करायचं.

या साखळीत मधले हात वाढत गेले, तेव्हा काय होतं तेही सांगायला हवं. ऑर्डर घेणारा आपला हिस्सा कापतो, जोडून देणारा आपला कापतो. शेवटी ज्याला पहाटे उठून बाजारात जायचंय, काटे काढायचेत, रिक्षात बसून फुलं पोहोचवायचीत, त्याच्या हाती उरलेली रक्कम येते आणि त्यातच फोटोसारखं दिसणारं काहीतरी बसवावं लागतं. मग तो स्वस्तातला माल घेतो, पानं जास्त भरतो, कागद मोठा लावतो. दोष त्याचा नसतो. दादानं आईसाठी हात आखडता घेतला नव्हता. पैसे वाटेतच जिरले. आता तो पैसे मला पाठवतो, मी काकांना, आणि ते सगळे फुलांत जातात.

काकांचं दुकान अरुंद आहे. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्या, पुढे ओल्या गोणपाटाखाली हारांचा माल. नाशिकला गेले की मी तिथं मुद्दाम थोडा वेळ थांबते. गुलाबाची गड्डी सोडली की काका प्रत्येक कळी चिमटीत धरून बुडाशी हलकेच दाबतात. घट्ट लागली तर ताजी. मऊ लागली तर ती हाराकडे जाते. बाहेरच्या दोन-तीन जाड, हिरवट पाकळ्या ते शेवटपर्यंत ठेवतात, कारण आतल्या पाकळ्यांना प्रवासात त्याच सांभाळतात. गिऱ्हाइकाच्या हातात देताना त्या काढल्या की कळी एकदम उजळते. देठ तिरका कापायचा आणि जमलं तर पाण्यात बुडवूनच कापायचा, म्हणजे देठात हवा शिरून पाण्याची वाट अडत नाही. पाण्याखाली जाईल असं एकही पान ठेवायचं नाही, नाहीतर ते कुजतं आणि पाणी नासतं. जरबेऱ्याचा देठ पोकळ आणि लवेचा, म्हणून त्याला खोल पाणी नको, चार बोटं पुरे. हे सगळं करताना त्यांचं बोलणं चालूच असतं. "मे महिन्यात एक सांगत जा तुमच्या आत्यांना. आंब्याच्या पेटीजवळ फुलदाणी ठेवू नका." पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्यानं फुलं लवकर म्हातारी होतात, कार्नेशनला तर तो फार बाधतो. काका इथिलीनचं नाव घेत नाहीत, पण केळीवाल्याची गाडी दुकानाला खेटून लागू देत नाहीत.

एका बाबतीत मी त्यांच्याशी वाद घातला. बुके ज्यात खोचतात तो हिरवा स्पंज. १९५४ च्या सुमारास अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी तो बाजारात आणला आणि जगभरच्या फुलवाल्यांचं काम सोपं झालं. पाणी धरून ठेवतो, फुलं हलत नाहीत, हवा तो आकार देता येतो. पण तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. नाशिकमध्ये सुकलेली फुलं कुठे जातात ते मला माहीत आहे: निर्माल्य म्हणून गोदावरीकडे. त्या निर्माल्यात हा स्पंज असू नये, एवढंच माझं म्हणणं. काका लगेच तयार झाले नाहीत. मांडणी टिकणार कशी, हा त्यांचा रास्त प्रश्न. काकूंनी मार्ग काढला. आत्याच्या घरातला पितळी तांब्या आदल्या दिवशी घेऊन यायचा, त्यात नारळाच्या हिराच्या काड्यांची जुडी बसवायची आणि त्यात देठ अडकवायचे. तांब्या आत्याचाच, त्यामुळे परत करायची भानगड नाही. आता काका दुसऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारतात, घरात तांब्या, गडू, जुनी बरणी काही आहे का म्हणून.

माझ्या शाळेतल्या बाई शेवटी मुलाकडे नाशिकला राहत होत्या. त्या गेल्या तेव्हा मला निघता आलं नाही. मी काकांना फोन केला आणि काय पाठवावं ते मला सुचेना. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "फोटो केवढा आहे? पाटावर ठेवलाय की भिंतीला लावलाय?" मी बाईंच्या मुलाला मेसेज करून विचारून घेतलं. मग काका म्हणाले, "निशिगंधाचा साधा हार करतो, मध्ये गोंडा नको, जर नको. बुके नेत नाही, कागद नाही, फीत नाही. आणि एक परडी भरून सुटी पांढरी शेवंती ठेवतो. भेटायला लोक येत राहतात, प्रत्येकाला वाहायला फूल लागतं, आणि त्या घरात त्या दिवशी फुलं आणायला कुणाला सुचतं? चिठ्ठी नका देऊ ताई. कुणाकडून आली ते मी तोंडी सांगीन."

नंतर बाईंच्या मुलाचा फोन आला. रात्रीपर्यंत माणसं येत होती आणि परडीतली फुलं वाहत होती, असं त्यानं सांगितलं. मी रडले. माझ्या वतीनं कुणीतरी त्या घरात गेलं होतं, चप्पल बाहेर काढून, हात जोडून, माझं नाव सांगून. कुठल्या कॅटलॉगमध्ये "फोटो केवढा आहे" हा प्रश्न असेल, असं मला वाटत नाही.

हे कसब आपल्याकडे नवं नाही. पुण्या-मुंबईच्या चाळींत आणि वाड्यांत फुलपुडीवाला रोज सकाळी दाराच्या कडीला पुडी अडकवून जायचा, अजूनही कितीतरी ठिकाणी जातो. पानात गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली पुडी. सोमवारी बेल, मंगळवारी आणि चतुर्थीला दूर्वा नि जास्वंद, गुरुवारी पिवळी फुलं, शुक्रवारी एखादी वेणी. कुणी यादी दिलेली नसायची. घरात बाळ आलं, सोयर पडलं, कुणी गेलं, तर ते त्याला आपोआप कळायचं आणि पुडी तेवढे दिवस बंद राहायची. हिशेब महिन्याअखेर. आपल्या माणसाला दुरून फुलं पाठवायची तर मला याच माणसाची मदत हवी असते, ज्याला त्या घराचा दिनक्रम आणि सणवार ठाऊक आहेत.

अशा दुकानांनी वाईट दिवस काढलेत. २०२० च्या टाळेबंदीत देवळं बंद, लग्नं बंद, बाजार बंद. शेतकऱ्यांनी उभी फुलशेती नांगरली आणि दुकानदारांनी शटर ओढली. त्यानंतर सजावटीत प्लास्टिकची फुलं सरसकट दिसायला लागली. राज्यातले फूलउत्पादक त्यांच्यावर बंदीची मागणी करत आले आहेत आणि मला ती सोळा आणे पटते. सत्काराला "बुके नको, पुस्तक द्या" म्हणतात, तेही समजू शकते. व्यासपीठावर ढीग लागतात आणि कार्यक्रम संपताच ते कचऱ्यात जातात. पण घरी एकट्या राहणाऱ्या माणसाकडे गेलेलं फूल वाया जात नाही. आत्या तर सुकलेल्या पाकळ्यासुद्धा कुंडीत घालते.

फोन कधी करावा, याचा एक साधा नियम मी पाळते. आदल्या दिवशी संध्याकाळी. फुलवाला पहाटे बाजारात जातो, तेव्हा आपली ऑर्डर त्याच्या डोक्यात असली पाहिजे, म्हणजे तो आपल्यासाठी माल निवडतो. सकाळी दहाला फोन केला तर उरलेल्यातून करावं लागतं. दसरा, दिवाळीतलं लक्ष्मीपूजन, व्हॅलेंटाइन डे आणि लग्नाची मोठी तिथी असेल तर शक्यतो नकोच; भाव दुप्पट-तिप्पट होतात आणि बिचाऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. रक्कम आधी सांगावी आणि मागाहून घासाघीस करू नये. पैसे कमी असतील तर तसंही सांगावं. फूल ना फुलाची पाकळी म्हणून तो त्यात काहीतरी नेटकं करतोच. पाच काड्या निशिगंधाच्या आणि कामिनीची दोन पानांची डहाळी, एवढंही पुरतं.

या डिसेंबरात आत्याला पंचाहत्तर पूर्ण होतात. दादाला यायला रजा नाही, म्हणून त्यानं महिनाभर आधीच फोन केला. त्याला मोठं काहीतरी हवं होतं, तिच्या उंचीची कमान वगैरे. मी म्हटलं, काकांशीच बोल. व्हिडिओ कॉल लावून दिला. तिकडे रात्र, इकडे दुकान नुकतंच उघडलेलं. काकांनी आधी विचारलं, "आईंना किती वेळ उभं राहवतं? कमानीखाली उभं राहून फोटो काढायचे तर त्यांचे गुडघे दुखतील." कमान तिथेच रद्द झाली. मग म्हणाले, "आता गुलाब घ्या दादा. थंडीत आमच्या दिंडोरीकडे, जानोरी-मोहाडीला जो गुलाब होतो ना, त्याला तोड नाही. कळी मोठी येते, देठ लांब येतो. उगाच नाही या गावाला गुलशनाबाद म्हणत होते." मुघलांच्या काळातलं नाशिकचं ते नाव दादाला ठाऊक नव्हतं. तो पंचवटीत वाढला आणि न्यू जर्सीत बसून त्याला ते काकांकडून कळलं, याचा त्याला फार आनंद झाला.

ठरलं ते असं. दोन तांबे गुलाबाचे, गुलाबीच, कारण लाल तिला डोळ्यांवर येतो. बसायच्या खुर्चीमागे शेवंतीच्या माळा. आत्यासाठी अबोलीची वेणी, मुंबईहून मी नेणार; नाशिकला मनासारखी अबोली मिळेल याची काकूंना खात्री नव्हती आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. ओवाळायला येणाऱ्या बायकांसाठी गजरे कागड्याचे, कारण मोगरा डिसेंबरात परवडणार नाही. दादाचा निरोप काकांची मुलगी जाड कागदावर मराठीत हातानं लिहिणार आहे. त्यानं तो फोनवर सांगितला आणि तिनं शब्द न् शब्द परत वाचून दाखवला.

शेवटी काकांनी ओवाळायच्या पंचाहत्तर दिव्यांचं विचारलं. ताट कुठे ठेवणार, कोण धरणार, खुर्ची भिंतीपासून किती दूर असेल. दिव्यांची धग लागली तर माळा तासाभरात कोमेजतील, म्हणून माळा खुर्चीच्या पाठीवरून काढून मागच्या भिंतीला लावायचं ठरलं. भिंतीला खिळे आहेत का, ते मी रविवारी जाऊन बघणार आहे.